रक्तवाहिनीची घडण आणि पेशीकंकाल : ‘भूमिका’ या शब्दाची चिकित्सा

रक्तवाहिन्यांच्या उत्पत्तीविषयीचे संशोधनपर वाङ्मय चाळू लागले, की एक शब्द पदोपदी भेटतो. तो म्हणजे ‘भूमिका’. अमुक प्रथिनाची अमुक क्रियेतील भूमिका, अशा धाटणीची शीर्षके इतकी रूढ झाली आहेत, की त्या शब्दाने नेमके काय सांगितले जाते याचा विचार करण्याची आवश्यकताच कोणास वाटेनाशी झाली आहे. रंगभूमीवरील भूमिकेविषयी बोलताना आपण इतके सैल राहत नाही. प्रवेश कोणता, त्या प्रवेशात या पात्रामुळे काय घडते, आणि नट आला नाही तर नाटक अडते की दुसरा कोणी वेळ मारून नेतो, हे आपण पाहतो. पेशीकंकालातील प्रथिनांसंबंधीच्या विधानांना हीच कसोटी लावली असता हाती काय लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर अस्तरासारखा पसरलेला असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. नवी केशवाहिनी बहुधा जुन्या वाहिनीच्या अंतःस्तरातून अंकुराप्रमाणे फुटते. अंकुराच्या टोकाशी अग्रपेशी असते व तिच्या मागोमाग देठाच्या पेशी येतात. फुटणे, वाट काढणे, दुसऱ्या अंकुरास जाऊन मिळणे आणि पोकळ होणे, अशी ही चार कार्ये होत. यांपैकी प्रत्येक कार्यात पेशीस आपला आकार बदलावा लागतो, आणि आकार बदलण्याचे मुख्य साधन म्हणजे पेशीकंकाल. त्यात ॲक्टिनचे सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू असतात, ट्यूब्युलिनच्या सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका असतात, आणि सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे मध्यम तंतू असतात. अंतःस्तरात या मध्यम तंतूंचे प्रमुख प्रथिन व्हिमेंटिन हे होय. ‘कंकाल’ हा शब्द येथे किंचित फसवा आहे. हाडांचा सांगाडा टिकाऊ असतो. ॲक्टिनचे तंतू काही सेकंदांत वा मिनिटांत जुळतात आणि विरतात.

आता पहिले उदाहरण घेऊ. २००३ साली होल्गर गेरहार्ट, क्रिस्टर बेट्शोल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या नेत्रपटलातील वाढत्या वाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अग्रपेशीतून ॲक्टिनने भरलेले अनेक बारीक धागे बाहेर पडतात. त्यांस फिलोपोडिया म्हणतात, आपण त्यांना तंतुपाद म्हणू. रक्तवाहिन्यांच्या वाढीस चेतना देणारे जे व्हीईजीएफ नामक प्रथिन, त्याच्या उताराच्या दिशेने अग्रपेशी सरकते, असे या अभ्यासाने दाखविले. हे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही. अग्रपेशी आणि देठाची पेशी यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला. तथापि त्यातील चित्रे इतकी बोलकी होती, की पुढील अनेक लेखकांनी एक पायरी गाळून निष्कर्ष काढला: तंतुपाद वास घेत पुढे जातात आणि तेच पेशीस वाट दाखवितात. तंतुपाद तेथे आहेत, हे चित्रात दिसत होते. त्यांच्यावाचून वाट सापडत नाही, हे मात्र चित्रात दिसत नव्हते, आणि दिसणे शक्यही नव्हते.

ही परीक्षा दहा वर्षांनी झाली, आणि विशेष म्हणजे ती गेरहार्ट यांच्याच प्रयोगशाळेने केली. २०१३ साली फंग, स्टांकी व गेरहार्ट यांनी झेब्राफिश या माशाच्या भ्रूणावर लॅट्रन्क्युलिन या द्रव्याचा अल्प मात्रेत प्रयोग केला. लाल समुद्रातील एका स्पंजापासून प्रथम मिळविलेले हे द्रव्य ॲक्टिनच्या सुट्या रेणूंस बांधून ठेवते व तंतूंची वाढ रोखते. तंतुपाद नाहीसे झाले. परंतु शरीराच्या खंडांमधून वर चढणाऱ्या वाहिन्यांनी आपली वाट सोडली नाही. पेशींनी तंतुपादांऐवजी रुंद, पातळ पत्र्यासारखे उद्वर्ध काढले आणि त्यांच्या साहाय्याने त्या पुढे सरकल्या. मात्र गती मंदावली, आणि पाठीच्या बाजूस शेजारशेजारच्या वाहिन्या एकमेकींस मिळण्याच्या कार्यात बिघाड झाला. म्हणजे वाट दाखविण्याची जी भूमिका तंतुपादांस दिली गेली होती, ती या ठिकाणी अपरिहार्य ठरली नाही. वेग देण्याची आणि जोडणी साधण्याची भूमिका मात्र शिल्लक राहिली. आपल्या नावाशी निगडित झालेल्या कल्पनेची परीक्षा स्वतःच घेऊन ती अशी सीमित करण्याचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

परंतु याच निबंधावरून ‘तंतुपाद अनावश्यक आहेत’ असे सरसकट विधान करणाऱ्यांची चूक पहिल्यापेक्षा लहान नाही. २०१५ साली नाओकी मोचिझुकी यांच्या गटाने त्याच माशाच्या शेपटीकडील शिरेपासून फुटणाऱ्या अंकुरांचा अभ्यास केला. तेथे चेतना व्हीईजीएफची नसून बीएमपी या दुसऱ्या प्रथिनकुलाची असते. त्या अंकुरांच्या वाढीस तंतुपादांची घडण आवश्यक असल्याचे त्यांना आढळले. प्राणी तोच, पेशींचा प्रकार तोच. तरी शेपटीत जे अटळ, ते पाठीकडे जाणाऱ्या वाहिन्यांत पर्यायी. तेव्हा ‘रक्तवाहिनीच्या घडणीत तंतुपादांची भूमिका काय?’ हा प्रश्नच सदोष आहे. कोणत्या वाहिनीत, कोणत्या चेतनेखाली, कोणत्या पायरीवर, हे जोडल्याशिवाय त्यास उत्तर नाही.

साधनांविषयीही सावध असले पाहिजे. लॅट्रन्क्युलिन केवळ तंतुपादांवर काम करीत नाही. ते पेशीतील सर्व ॲक्टिनवर काम करते, आणि अल्प मात्रेत तंतुपाद प्रथम बळी पडतात इतकेच. जिवंत भ्रूणात ॲक्टिन दृश्य करण्यासाठी वापरले जाणारे लाइफॅक्ट हे १७ अमिनो आम्लांचे लघुप्रथिन फार उपयुक्त आहे. परंतु पेशीत त्याचे प्रमाण वाढले तर ते स्वतःच ॲक्टिनच्या घडामोडीत ढवळाढवळ करते. पाहण्याचे साधन पाहावयाच्या वस्तूस बदलते, ही अडचण सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकास नवी नाही. तिचा उल्लेख निबंधाच्या शेवटी एका वाक्यात उरकून भागत नाही.

व्हिमेंटिनची कथा याच्या उलट बाजूने बोध देते. १९९४ साली व्हिमेंटिनविरहित उंदीर तयार करण्यात आले. ते जन्मले, वाढले, त्यांस पिलेही झाली. ठळक व्यंग आढळले नाही. एखादे प्रथिन समूळ काढून टाकूनही प्राणी सुखरूप राहतो, हे पाहून त्या प्रथिनास काहीच काम नसावे असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९९७ साली त्याच उंदरांच्या आतड्याकडे जाणाऱ्या लहान धमन्या तपासल्या गेल्या, तेव्हा रक्तप्रवाह वाढला असता धमनीने जेवढे प्रसरण पावावे तेवढे ती पावत नाही, असे दिसून आले. पुढे जखम भरून येण्यातील दोषही नोंदले गेले. पिंजऱ्यात स्वस्थ बसलेल्या उंदरास जे उणे पडत नव्हते, ते ताण पडताच उणे पडले. अभावाच्या प्रयोगात काही बिघडले नाही, तर त्याचा अर्थ ‘भूमिका नाही’ असा नसून ‘या परिस्थितीत उणीव दिसली नाही’ एवढाच घ्यावा लागतो.

वाहिनी पोकळ कशी होते, या प्रश्नावर मतभेद अधिक तीव्र होते. २००६ साली कामेई, वाइनस्टाइन आदींनी झेब्राफिशमध्ये असे प्रतिपादन केले, की पेशीच्या आत लहान पोकळ्या निर्माण होतात आणि त्या एकमेकींस मिळून नळी बनते. २००८ साली ब्लूम व सहकाऱ्यांनी त्याच वाहिन्यांतील पेशींचे सांधे तपासून पोकळी पेशींच्या आत नसून पेशींच्या मध्ये पडते असे दाखविले. २००९ साली स्ट्रिलिच व सहकाऱ्यांनी उंदराच्या महाधमनीचा जो अभ्यास केला, तो मला या सर्व वाङ्मयात पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत समाधानकारक वाटतो. ॲक्टिन व मायोसिन आवश्यक आहेत, एवढे सांगून ते थांबले नाहीत. पेशींना सांधणारे व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन एका पायरीवर लागते. त्याच्यावाचून ॲक्टिन योग्य जागी गोळा होण्याची पूर्वतयारीच होत नाही. व्हीईजीएफ निराळ्या पायरीवर लागते. त्याच्यावाचून ॲक्टिन व मायोसिन यांचा संयोग होत नाही आणि पेशीचा आकार बदलत नाही. येथे ‘भूमिका’ या शब्दास प्रवेश आणि क्रम दोन्ही लाभले आहेत.

२०१६ साली गेबाला व सहकाऱ्यांनी यात महत्त्वाची भर घातली. वाढत्या अंकुरात रक्ताच्या दाबामुळे पेशीच्या आतील पटलास पेशीतच शिरणारे फुगे येतात. ज्या फुग्यांभोवती ॲक्टिन व मायोसिन जमून आकुंचन पावतात ते मागे लोटले जातात, उरलेले वाढतात आणि पोकळी पुढे सरकते. येथे बाहेर ढकलण्याचे काम रक्त करते; पेशीकंकाल आवर घालतो. महाधमनीत आकार घडविणारे तेच प्रथिन येथे आवर घालणारे ठरते. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी ग्राह्य धरता येतात. मात्र ‘ॲक्टिन पोकळी बनविते’ या एका वाक्यात दोघांस कोंबले, की दोन्ही खोटे होतात.

शेवटी आपल्या विद्यार्थ्यांच्या अगदी जवळची गोष्ट. नाळेच्या शिरेतील अंतःस्तरपेशी उंदराच्या अर्बुदापासून काढलेल्या जेलवर पसरल्या, की काही तासांत त्या जाळे विणतात. १९८८ साली कुबोटा व सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकात ‘केशवाहिनीसदृश रचना’ असे शब्द योजले होते. वापरणाऱ्यांनी कालांतराने ‘सदृश’ गाळले. ॲक्टिनविरोधी द्रव्य घातले, जाळे झाले नाही, सबब ॲक्टिनची भूमिका सिद्ध, असा युक्तिवाद आजही केला जातो. परंतु अशा जेलवर तंतुजनक पेशी व काही अर्बुदपेशीही जाळे विणतात. वरून दिसणाऱ्या जाळ्यात पोकळी आहे की नाही हे छेद घेतल्याशिवाय कळत नाही. आणि ज्या पेशीस हलताच येत नाही ती जाळे विणणार नाही, हे प्रयोगाविनाही सांगता आले असते. असा प्रयोग स्वस्त आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही; पण त्यातून निघणारे विधान त्याच्या मापाचे असावे.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्यांस एवढीच सूचना करावीशी वाटते. ‘भूमिका’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्यांनी चार गोष्टी स्वतःस विचाराव्यात: कोणती पायरी, कोणती वाहिनी, अभावात नेमके काय अडले, आणि ते काम दुसऱ्या कोणी उचलले काय. चारांपैकी एकाचेच उत्तर हाती असेल तर एकच लिहावे. औषधयोजनेची आशा अशाच विधानांवर उभी केली जाते, आणि वाहिन्यांची वाढ कोठे रोखावयाची व कोठे घडवून आणावयाची, हे ठरविणाऱ्यांस आपला सैल शब्द महाग पडू शकतो.