शाहीर आणि चायपाव

पडद्यावर गाणारा आणि कपबश्या विसळणारा, दोघेही दिसतात. प्रश्न आहे तो त्यांना माणूस म्हणून किती जागा मिळते, हा. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’त (१९८८) चहा पोचवणाऱ्या कृष्णाचे नाव पुसले जाऊन ‘चायपाव’ उरते. ५०० रुपये साठवून घरी परतणे, एवढीच त्याची धडपड. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले; २०२१ साली कोरोनाने गेले. कॅमेरा वकिलांच्या घरी, न्यायाधीशाच्या सहलीला निवांत जातो. शाहिराच्या वाट्याला तो निवांतपणा येत नाही. काही मित्र हा दोष मानतात. मला तो व्यवस्थेच्या नजरेचा खरा हिशेब वाटतो. परंतु व्यवस्था आपल्याला कशी पाहते हे दाखवणे वेगळे आणि आपण स्वतःला पाहणे वेगळे. लातूरकडून शिकायला आलेली मुले नांदेडच्या हॉटेलांत रात्री टेबले पुसतात, सकाळी माझ्या वर्गात बसतात. मीही घरातला पहिलाच पदवीधर. आम्ही दयेचा विषय नाही. त्यांची पटकथा त्यांनीच लिहावी, आपापल्या नावानिशी.