संमती आणि त्याग : व्हॉट्सॲपच्या 2021 च्या धोरण-सूचनेचा परामर्श

जानेवारी 2021 च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप या संदेशसेवेने आपल्या भारतीय वापरकर्त्यांपुढे एक सूचना ठेवली. सेवेच्या अटी व गोपनीयता-धोरण बदलत असून, 8 फेब्रुवारीनंतर सेवा चालू ठेवावयाची असल्यास हे बदल मान्य करावे लागतील, असा तिचा आशय होता. त्यानंतरच्या काही दिवसांत असंख्य लोक सिग्नल व टेलिग्राम या सेवांकडे वळले. टेलिग्रामच्या संस्थापकाने 72 तासांत जगभरातून अडीच कोटी नवे वापरकर्ते आल्याचे जाहीर केले. सिग्नलची यंत्रणा तर 15 जानेवारी रोजी या भाराखाली काही काळ बंद पडली. असे असूनही व्हॉट्सॲपचे स्थान ढळले नाही. या घटनेची चर्चा बहुधा तंत्रज्ञान आणि कायदा या दोन अंगांनी झाली आहे. परंतु गोपनीयता, संमती आणि त्याग हे तीन शब्द या चर्चेत ज्या अर्थाने वावरले, तो अर्थच मुळात तपासून घेण्याजोगा आहे. तसे केले असता असे दिसते की, एका व्यक्तीने सेवा सोडणे आणि समाजाने ती नाकारणे यांत जो भेद आहे, तो न ओळखल्यामुळे या नकाराचे खरे मोल झाकले गेले.

1

प्रथम 'गोपनीयता' हा शब्द घेऊ. 'गुप्' या संस्कृत धातूत रक्षण करणे व लपविणे असे दोन्ही अर्थ आहेत. आधुनिक मराठीत मात्र दुसराच अर्थ प्रबळ झाला आहे. 'गोपनीय अहवाल', 'गोपनीय टपाल' असे म्हटले की काही तरी दडविलेले आहे, हीच कल्पना मनात येते. कंपन्यांच्या मराठी परिभाषेने नेमका हाच शब्द स्वीकारला, आणि त्याबरोबर एक आक्षेपही आयता हाती आला: सामान्य माणसाजवळ लपविण्याजोगे आहे तरी काय?

या उलट 'खासगी' या शब्दाचा इतिहास पाहावा. मराठेशाहीच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' असा भेद केला जाई. होळकरांच्या राज्यात अहिल्याबाईंच्या हाती असलेली खासगीची मिळकत दौलतीपासून निराळी गणली जाई. ही मिळकत कोणापासून लपविलेली नव्हती. ती सर्वांना ठाऊक होती. तिच्या उत्पन्नाचा विनियोग कोणी करावा, एवढाच प्रश्न 'खासगी' या शब्दाने निकालात काढलेला असे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी लपवणूक नसून अधिकार आहे. अर्थात तो अधिकार तेव्हा राजघराण्यापुरता होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा तो प्रत्येक नागरिकाचा ठरला. या दृष्टीने पाहता वरील आक्षेप गैरलागू होतो. काय लपवावयाचे आहे हा प्रश्नच नव्हे. आपल्या माहितीचा विनियोग कोणी करावा, हा प्रश्न आहे.

2

आता सूचनेच्या रचनेकडे वळू. तिच्याखाली दोन पर्याय होते: एक सहमतीचा आणि दुसरा 'आत्ता नको' अशा अर्थाचा. नकार लांबणीवर टाकण्याची सोय होती, पण नकार देण्याची नव्हती. ज्याला अटी मान्य नसतील त्याने आपले खाते कसे काढून टाकावे, याचा मार्ग तेवढा दाखविलेला होता. 2016 साली फेसबुककडे माहिती देण्याचे धोरण प्रथम आले, तेव्हा विद्यमान वापरकर्त्यांना जाहिरातीसाठी होणाऱ्या वापरापुरते नाही म्हणण्याकरिता 30 दिवसांची मुदत तरी होती. (त्या धोरणाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेले दोघे अर्जदार विद्यार्थी होते, हे विद्यापीठीय वाचकाने लक्षात घेण्यासारखे आहे.) 2021 मध्ये तो चिंचोळा दरवाजाही बंद झाला. युरोपातील वापरकर्त्यांसाठी मात्र धोरण निराळे होते, आणि या भेदावर भारत सरकारनेही त्याच महिन्यात आक्षेप नोंदविला होता. एकाच सेवेच्या दोन संहिता असू शकतात, याचा अर्थ नकाराला जागा ठेवणे अशक्य नव्हते. ती येथे ठेवली गेली नाही.

3

परंतु सेवा सोडणाऱ्यांच्या भूमिकेचीही चिकित्सा केली पाहिजे. आपले संदेश आता कंपनी वाचणार, अशी त्या दिवसांतील सार्वत्रिक समजूत होती. ती बरोबर नव्हती. एप्रिल 2016 पासून या सेवेतील संदेश पाठविणारा व घेणारा या दोघांनाच वाचता येतील अशा कूटरूपात जातात, आणि 2021 च्या बदलाने त्यात फरक पडला नव्हता. तो बदल मुख्यतः व्यापारी संस्थांशी होणाऱ्या संभाषणासंबंधी आणि माहितीच्या देवघेवीसंबंधी होता.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या सकळा लिपीचे स्मरण होणे साहजिक आहे. पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली, तोवर पंथाबाहेरच्या वाचकास ते अगम्यच होते. पण लिपीने झाकला जातो तो मजकूर. पोथी कोणापासून कोणाकडे गेली, कोणत्या मठात किती दिवस राहिली, हे लिपीला झाकता येत नाही. संदेशसेवेच्या बाबतीत नेमकी हीच बाह्य माहिती मोलाची असते: दूरध्वनी क्रमांक, वापराच्या वेळा, उपकरणाचा प्रकार, संपर्कसूची. या शेवटच्या बाबीचा विचार विशेष अवश्य आहे. सूची जोडण्यास वापरकर्त्याने मुभा दिली की, सेवा न वापरणाऱ्यांचे क्रमांकही तीतून कंपनीपर्यंत पोचतात. अर्थात जो सेवा सोडून जातो, तो आपल्या आप्तेष्टांच्या सूचीतून जात नाही. सकळा लिपी टिकली ती सबंध पंथाने ती पाळली म्हणून. एकट्या अनुयायाच्या व्रताने ती टिकली नसती.

4

येथे 'त्याग' या शब्दाची मर्यादा स्पष्ट होते. त्याग स्वतःच्या वस्तूचा करावयाचा असतो आणि त्याची झीज ज्याची त्याने सोसावयाची असते. पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा या गावाचे उदाहरण कल्पून पाहावे. अशा गावचा विद्यार्थी नांदेडला शिकावयास येतो. वर्गाच्या सूचना, वसमतच्या हळदीचे भाव, पीकविम्याच्या मुदती, भाऊबंदांतील लग्न-मयताच्या वार्ता, हे सारे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरत असताना त्याने ही सेवा सोडली, तर तो काय सोडतो? कंपनीला एक वापरकर्ता उणा होतो; त्याला वर्ग, बाजार आणि भावकी तिन्ही दुरावतात. शिवाय त्याच्या वडिलांना त्याच्यासाठी निराळी व्यवस्था करावी लागते, म्हणजे त्यागाचा भार दुसऱ्यावरही पडतो. शहरातील सुशिक्षितास जे शक्य असते ते सर्वांसच शक्य असते, असे गृहीत धरून केलेला नीतिपाठ येथे लंगडा पडतो.

त्यागाहून निराळी अशी 'बहिष्कार' ही संज्ञा महाराष्ट्राला परिचित आहे. 1906 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये बहिष्कार हा स्वदेशीच्या जोडीने आला. टिळकांच्या राजकारणात तो वैयक्तिक शुद्धीचा आचार नव्हता, सामुदायिक दबावाचे साधन होता. या कसोटीवर 2021 ची चळवळ अगदीच निष्फळ म्हणता येत नाही. गोंधळ वाढताच 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत पुढे गेली. आणि अटी न स्वीकारणाऱ्यांच्या सोयी क्रमाक्रमाने कमी करण्याचा जाहीर झालेला बेत मे महिन्याच्या अखेरीस मागे घेण्यात आला. एकेकट्या त्यागाने हे घडले नसते. तथापि बहिष्काराचे कारण विसरले की त्याची दिशा चुकते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात 'अरट्टै' या भारतीय सेवेकडे लोक स्वदेशीच्या भावनेने वळले, त्या वेळी तिच्यातील लिखित संदेशांना व्हॉट्सॲपसारखे कूटसंरक्षण नव्हते. कंपनी देशी झाल्याने खासगीपणाचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

5

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली, ती विलंबाने आणि अर्धवट. भारतीय स्पर्धा आयोगाने 18 नोव्हेंबर 2024 रोजी, 'मान्य करा अथवा सोडा' अशा स्वरूपाची अट लादणे हा वर्चस्वाचा दुरुपयोग ठरवून मेटा कंपनीस 213.14 कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातीसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने 4 नोव्हेंबर 2025 रोजी दंड कायम ठेवला, पण बंदी रद्द केली. या दोन्ही निर्णयांहून आयोगाच्या निर्णयामागील तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे: जेथे सोडून जाण्याचा मार्ग व्यवहारतः बंद असतो, तेथे 'मान्य आहे' या शब्दांना संमती म्हणता येत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. ती जितक्या सहजतेने दिली जाते तितक्याच सहजतेने मागे घेता यावी, अशीही तरतूद आहे. संमतीची मागणी आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी या तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. ही मराठी कोण घडविणार, हा प्रश्न विद्यापीठांच्या मराठी विभागांपुढे येऊन ठेपला आहे. ती इंग्रजीच्या छायेत बेतलेली आणि कोणी न वाचावी अशीच लिहिलेली असेल, तर कायद्याचे पालन होईल, पण संमती होणार नाही. चुडाव्याच्या शेतकऱ्याला 'नको' म्हणावयाचे असेल, तर प्रथम त्याला काय विचारले जात आहे हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. आणि तसे म्हटल्यानंतरही त्याला आपल्या माणसांत राहता आले पाहिजे. या दोन गोष्टी साधल्यावाचून सेवा सोडणाऱ्याचा गौरव आणि न सोडणाऱ्याची निर्भर्त्सना, दोन्ही सारखीच अप्रस्तुत ठरतात.