माल आणि माप

एखाद्या प्रकाशनसंस्थेच्या उत्कर्षाचा विचार करताना तिने किती ग्रंथ छापले एवढेच पाहून भागत नाही. विद्येच्या व्यवहारात तिने कोणते स्थान मिळविले, हेही पाहावे लागते. एल्सव्हिअर या डच संस्थेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८० मध्ये रॉटरडॅम येथे स्थापन झालेल्या या संस्थेने लायडनच्या एल्झेव्हिर या जुन्या मुद्रक घराण्याचे नाव धारण केले. वस्तुतः त्या घराण्याशी तिचा काहीही संबंध नव्हता. पुढे १९७० मध्ये नॉर्थ-हॉलंड व १९९१ मध्ये पर्गमॉन या संस्था तिच्यात सामावल्या. स्वतःच्या निर्मितीबरोबरच इतरांनी कमावलेला लौकिक आत्मसात करून ती वाढली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तथापि खरा आक्षेप या विस्तारावर नाही. २००४ मध्ये याच संस्थेने स्कोपस ही निर्देशसूची सुरू केली. कोणते नियतकालिक गणनीय, हे त्या सूचीवरून ठरू लागले. नांदेड-लातूरच्या मोंढ्यात माल विकणारा निराळा आणि मापाडी निराळा असतो. येथे मात्र माल व माप एकाच हाती आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'केअर' सूचीतही स्कोपसमधील नियतकालिकांना मान्यता होती.

मग प्रतिष्ठा कोणाची? याचे उत्तर आपल्याच शास्त्रात मिळते. 'लिंग्वा' हे भाषाविज्ञानाचे नियतकालिक या संस्थेच्या मालकीचे. ते सर्वांस मुक्त असावे आणि लेखकांवरील आकार माफक असावा, ही मागणी अमान्य होताच २०१५ मध्ये त्याचे ६ संपादक व संपादक मंडळाचे ३१ सदस्य पदांवरून दूर झाले. २०१६ पासून त्यांनी 'ग्लोसा' चालविले. नाव संस्थेकडे राहिले. पारख करणारे विद्वान निघून गेले.

या संस्थांनी छपाई, जतन व प्रसार यांची मोठी यंत्रणा उभारली, हे नाकारता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेने शासकीय संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. त्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. पण वाचनाची सोय झाली म्हणून लेखनाची पारख झाली, असे होत नाही. उदगीर किंवा देगलूर परिसरात मराठी, कन्नड व तेलुगू यांचा जो संकर आढळतो, त्यावर एखाद्या विद्यार्थ्याने मराठीत उत्तम निबंध लिहिला, तर तो दूरच्या सूचीत नाही एवढ्यावरून उणा ठरावा काय?

२०२५ मध्ये आयोगाने 'केअर' सूची बंद केली आणि नियतकालिकांची निवड संस्थांवर सोपविली. आता सबब उरलेली नाही. निबंध समग्र वाचून त्यातील भाषिक सामग्री तपासण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, तर जुन्या सूचीच्या जागी दुसरी येईल, आणि त्याचा दोष मात्र प्रकाशकाकडे जाणार नाही.