क्वांटम गणकयंत्र: एका व्याख्यानाचें परीक्षण

शास्त्रीय विषयांवरील सुबोध लेखनांत अलीकडे एक वाक्य रूढ होऊं पाहत आहे. क्वांटम गणकयंत्र म्हणे सर्व उत्तरें एकदम तपासून खरें तेवढें पुढें करतें! वाक्य सोपें आहे, पण यथार्थ नाहीं. अशा वेळीं मुळाकडे वळणें श्रेयस्कर. म्हणून रिचर्ड फाइनमन यांनीं १९८१ सालीं दिलेलें व १९८२ सालीं प्रसिद्ध झालेलें व्याख्यान आम्हीं परीक्षणास घेतलें आहे.

त्यांचा प्रश्न साधा आहे: सृष्टीचें हुबेहूब अनुकरण यंत्राकडून करवितां येईल काय? नेहमींचें यंत्र येथें हात टेकतें. दोन अवस्थांचे ३०० कण घेतले, तर त्यांची संयुक्त स्थिति लिहिण्यास २ चा ३०० वा घात इतक्या संख्या लागतात. दृश्य विश्वांतील अणूंची अंदाजी गणनाही याहून थोडी. मग सृष्टीच्याच नियमांनीं चालणारें यंत्र कां बांधूं नये, असें ते सुचवितात. काट्यानें काटा काढावा, तसाच हा युक्तिवाद.

अडचण न लपविणें हा व्याख्यानाचा मोठा गुण. उणीव मात्र एक आहे. आंत इतक्या संख्या नांदत असल्या, तरी मोजमाप करतांच ३०० कणांपासून ३०० च होय-नाहीं उत्तरें हातीं येतात, तींही मॅक्स बॉर्न यांनीं १९२६ सालीं सांगितलेल्या संभवनियमानें. मग इतर गणितांस या यंत्राचा उपयोग काय? याचें उत्तर पुढें मिळालें. पाण्यावरील दोन लाटा जशा एकमेकींस वाढवितात वा मारतात, तशा चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा परस्परांकडून नाहींशा करवाव्या लागतात. हीच खरी कला. पीटर शोर यांनीं १९९४ सालीं ती मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यांत साधली. लव ग्रोव्हर यांनीं १९९६ सालीं शोधकार्यांत साधली. पण तेथें १० लाख नोंदींस सुमारें ८०० पायऱ्या लागतातच. सर्व उत्तरें खरोखर एकदम तपासलीं जातीं, तर एकच पायरी पुरती!

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. शोर यांच्या रीतीनें आजच्या गुप्तलिपींस पुढेंमागें धोका आहे, म्हणूनच अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २०२४ सालीं नव्या गुप्तलिपींचीं मानकें प्रसिद्ध केलीं. घरोघरच्या बँकठेवींशीं निगडित असें हें शास्त्र चमत्कार म्हणून सांगितलें, तर वाचक भितो किंवा भाळतो, विचार करीत नाहीं. सुबोधता हवीच, पण सत्य विकून ती घेऊं नये, असें आमचें मत आहे.