लिनक्समधील प्रादेशिक दिनांक-मांडणी आणि मराठी नवोपयोजक : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा दिनांक हा सहसा कोणाच्याही चिंतनाचा विषय होत नाही. तो बरोबर आहे एवढे पाहून उपयोजक पुढच्या कामास लागतो. तथापि दिनांक ‘बरोबर असणे’ आणि दिनांक ‘बरोबर वाचला जाणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राध्यापक व कार्यालयीन कर्मचारी संगणक शिकले ते विंडोज प्रणालीवर. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमाने ही ओळख तालुक्यापर्यंत नेली. अशा पार्श्वभूमीचा उपयोजक जेव्हा मुक्त व विनामूल्य म्हणून लिनक्सकडे वळतो, तेव्हा त्याला पहिली ठेच अनेकदा दिनांकाशीच लागते. प्रस्तुत लेखात लिनक्समधील प्रादेशिक दिनांक-मांडणीची रचना, तीतील गुणदोष आणि मराठी नवोपयोजकाच्या दृष्टीने तिची पर्याप्तता यांची चिकित्सा केली आहे.

दिनांकाची द्विरूपता

भारतात दिनांक दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिला जातो. अमेरिकेत महिना, दिवस, वर्ष या क्रमाने. हा भेद सर्वज्ञात आहे. त्याची व्याप्ती मात्र क्वचितच मोजली जाते. महिन्याचे पहिले बारा दिवस आणि वर्षाचे बारा महिने मिळून १४४ दिनांक होतात. त्यांपैकी १/१, २/२ असे बारा दिनांक दोन्ही क्रमांत सारखेच वाचले जातात. उरलेले १३२ दिनांक दोन्ही पद्धतींनी ग्राह्य, पण भिन्न अर्थाचे असतात. म्हणजे वर्षातील एकतृतीयांशाहून अधिक दिवस संदिग्ध आहेत.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातील काही दिनांक घेतल्यास प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. वर्धा येथील शिक्षण परिषद, जिच्यातून नई तालीमची योजना पुढे आली, ती २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरली. जमनालाल बजाज यांचे वर्ध्यास निधन झाले ते ११ फेब्रुवारी १९४२ रोजी. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा आणि पवनार येथील निर्वाण १५ नोव्हेंबर १९८२ चे. हे दिनांक अंकांत लिहून अमेरिकी मांडणी असलेल्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये भरले, तर २२/१०/१९३७ व १५/११/१९८२ यांना दिनांक म्हणून मान्यताच मिळत नाही. बाविसावा किंवा पंधरावा महिना अस्तित्वात नसल्याने ते साधा मजकूर म्हणून राहतात. ११/०९/१८९५ चा ९ नोव्हेंबर होतो. ११/०२/१९४२ चा २ नोव्हेंबर होतो; आणि ८ ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावापूर्वी सहा महिने दिवंगत झालेले जमनालालजी कोष्टकात त्या ठरावानंतर जवळजवळ तीन महिने हयात राहतात.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, जी चूक नाकारली जाते ती निरुपद्रवी असते. ती डोळ्यांस दिसते. जी चूक स्वीकारली जाते तीच घातक ठरते. इतिहासाच्या कोष्टकात ती अभ्यासकाच्या ध्यानी येईलही. सेवाविषयक यादीत येईलच असे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना नेमकी जन्मतारीख ठाऊक नसल्यास १ जून वा १ जुलै लिहिण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. त्यामुळे १/७ ही जन्मतारीख असलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. १ जुलैस जन्मलेला कर्मचारी नियमानुसार ३० जून रोजी सेवानिवृत्त होतो. हीच नोंद ७ जानेवारी अशी वाचली गेली, तर यादीत त्याची निवृत्ती ३१ जानेवारीस, म्हणजे पाच महिने आधी दाखविली जाईल. दिनांकाचा क्रम हा केवळ दर्शनी सजावटीचा प्रश्न नव्हे, तो असा.

व्यवस्थेची घडण

लिनक्स प्रणाली काळ साठविते तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार लोटलेल्या सेकंदांच्या रूपात. या संख्येला ना भाषा असते ना प्रदेश. तिचे वाचनीय दिनांकात रूपांतर दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कालक्षेत्र लागू होते. भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’, म्हणजे साडेपाच तासांची भर. दुसऱ्या टप्प्यात ‘लोकेल’ लागू होते. लोकेल म्हणजे भाषा व देश यांच्या जोडीने ओळखला जाणारा संकेतसंच. वारांची व महिन्यांची नावे, दिनांकाचा क्रम, चलनचिन्ह, कागदाचा आकार इत्यादी बाबी त्यात नोंदलेल्या असतात.

या घडणीचा गुण निर्विवाद आहे. साठवण व दर्शन यांची फारकत केल्यामुळे वर्ध्यातील आणि बोस्टनमधील उपयोजक एकच नोंद आपापल्या रीतीने वाचू शकतात. मराठी अभ्यासकास ही कल्पना परकी नाही. शिवकालीन पत्रातील शुहूर सन व चांद्र तारीख यांवरून शक, तिथी वा इंग्रजी तारीख काढताना तो जंत्रीचा आधार घेतो. घटना एक, तिची लेखनरूपे अनेक. लोकेल ही या अर्थाने संगणकाच्या पोटातील छोटी जंत्रीच होय.

नवागताच्या वाटेतील अडसर

मात्र ही तर्कशुद्ध रचना नवागतासमोर येते ती विस्कळीत रूपात. पहिला अडसर असा की, प्रणाली स्थापन करताना तो भाषा म्हणून अमेरिकी इंग्रजी निवडतो आणि कालक्षेत्र म्हणून कोलकाता. काही वितरणे स्थळावरून दिनांक-मांडणी जुळवून घेतात, काही घेत नाहीत. घड्याळ अचूक भारतीय वेळ दाखविते आणि त्यामुळे सर्वच मांडणी भारतीय झाली, असा गैरसमज होतो.

दुसरा अडसर निवडीच्या स्वरूपाचा आहे. विंडोजच्या नियंत्रण-पटलात दिनांकाचा आराखडा स्वतः लिहिता येतो. ग्नोम या प्रचलित लिनक्स पटलावर तशी सोय नाही. तेथे ‘फॉरमॅट्स’ या शीर्षकाखाली एखादा प्रदेश निवडावा लागतो आणि त्या प्रदेशाचे दिनांक, संख्या, चलन व मापे एकत्रच स्वीकारावी लागतात. निवड केल्यावर ‘लॉग आउट’ करून पुन्हा प्रवेश करेपर्यंत बदल पूर्णपणे लागू होत नाही. नवागतास वाटते की आपली कृतीच चुकली. के.डी.ई. पटलावर दिनांक, संख्या व चलन यांसाठी वेगवेगळे प्रदेश निवडता येतात, हे त्याचे श्रेष्ठत्व मान्य करावे लागेल. परंतु त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आराखडा स्वतः लिहिण्याची जी मुभा होती, ती २०१४ साली आलेल्या पाचव्या मालिकेत राहिली नाही. सुधारणेच्या ओघात स्वातंत्र्य उणावले, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तिसरा अडसर आज्ञावलीतील प्राधान्यक्रमाचा. ‘लँग’ हे चल सर्वसाधारण भाषा ठरविते. ‘एलसी_टाइम’ हे चल केवळ दिनांक-वेळेपुरते त्यावर मात करते. आणि ‘एलसी_ऑल’ हे सर्वांवर मात करते. नवागतास अनेकदा शेवटच्याचाच वापर सुचविला जातो, कारण त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. पण तो कायमचा लिहून ठेवल्यास पुढे केलेली प्रत्येक सूक्ष्म निवड निष्फळ ठरते. आवश्यक तेवढेच बदलावे हा येथील विवेक आहे. इंग्रजी पडदा कायम ठेवून केवळ ‘एलसी_टाइम’ भारतीय करणे पुरेसे असते.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा अडसर हा की, प्रणालीची मांडणी बदलल्याने आधीच चुकीची वाचली गेलेली सामग्री दुरुस्त होत नाही. कॅल्कच्या घरात दिनांक साठविला जातो तो ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांची संख्या म्हणून. जमनालालजींचा स्मृतिदिन एकदा २ नोव्हेंबर म्हणून आत गेला की, नंतर भारतीय मांडणी निवडल्यावर तो ०२/११/१९४२ असा अस्सल भारतीय वेशात दिसू लागतो. वेश बदलतो, चूक तशीच राहते. किंबहुना आता ती ओळखणे अधिक कठीण होते. म्हणून दुरुस्तीची योग्य जागा नोंद आत येण्याचा क्षण ही आहे. बाहेरून आलेली यादी उघडताना कॅल्क भाषा विचारते आणि प्रत्येक स्तंभासाठी दिवस-महिना-वर्ष हा क्रम निश्चित करू देते. ही खिडकी न वाचताच बंद करण्याची सवय हेच बहुतेक गोंधळाचे मूळ होय.

‘मराठी (भारत)’ या संहितेचे परीक्षण

मराठी लोकेल ही एक छोटी संहिताच आहे आणि तिचे परीक्षण तसेच व्हावयास हवे. तिची एक जमेची बाजू तांत्रिक आहे. लिनक्सचा पाया असलेल्या ग्नू सी लायब्ररीत मराठी व भारतीय इंग्रजी ही दोन्ही लोकेल केवळ युनिकोडमध्येच उपलब्ध आहेत. अनेक युरोपीय भाषांप्रमाणे जुन्या संकेतावलीचे ओझे त्यांच्यावर नाही.

अंकांच्या बाबतीत मात्र एकवाक्यता नाही. युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक मूळ धरले आहेत, हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक. उलट ग्नू सी लायब्ररीवर विसंबणारी साधी ‘डेट’ आज्ञा मराठी लोकेलमध्येही आंतरराष्ट्रीय अंकच दाखविते. परिणामी एकाच पडद्यावर दोन आज्ञावली दोन प्रकारचे अंक दाखवू शकतात. नागरी लिपीच्या प्रसारासाठी विनोबांनी जेथून आग्रह धरला, त्या पवनारच्या परिसरात तरी हा प्रश्न गौण मानता येणार नाही. देवनागरी अंकांत नाव दिलेली फाइल आंतरराष्ट्रीय अंकांनी शोधल्यास सापडेलच याची शाश्वती नसते, हा त्याचा व्यावहारिक पैलू.

वेळेच्या बाबतीत भाषेची ओढाताण अधिक जाणवते. संगणकीय मराठीत आलेली ‘म.पू.’ व ‘म.नं.’ ही रूपे इंग्रजी संज्ञांची शब्दशः भाषांतरे आहेत. मराठी माणूस पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी व रात्री असे म्हणतो. दिवसाचे दोनच भाग मानणारा साचा आधी ठरला आणि मराठीस त्यात बसविले गेले. शब्द मराठी आहेत. विभागणी मराठी नाही.

राष्ट्रीय दिनदर्शिकेची उपेक्षा ही याहून गंभीर बाब आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार भारतीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून अंगीकारण्यात आली. लोकेलच्या साच्यात निराळ्या शकगणनेसाठी तरतूद आहे. जपानी व थाई लोकेल ती वापरतात. पण तिच्याद्वारे वर्षाची गणना बदलते, महिन्यांची रचना नव्हे. २२ मार्चला सुरू होणारा चैत्र तीत मावत नाही. युनिकोडच्या आयसीयू या संचात भारतीय सौर दिनदर्शिका उपलब्ध असूनही ‘डेट’ आज्ञा वापरणाऱ्यास तिचा उपयोग होत नाही.

प्रमाण आणि प्रघात

भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ७९०० हे मानक २००१ च्या आवृत्तीत आंतरराष्ट्रीय आय.एस.ओ. ८६०१ शी एकरूप आहे. त्यानुसार माहितीच्या देवाणघेवाणीत वर्ष-महिना-दिवस हा क्रम असावा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णय या संदर्भात अभ्यसनीय आहेत. निर्णयाच्या शीर्षभागी दिवस, महिना, वर्ष असा दिनांक असतो. अखेरीस दिलेल्या संगणक सांकेतांकाचे पहिले आठ अंक मात्र वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असतात. माणसासाठी एक रूप, यंत्रासाठी दुसरे; शासनाने दोन्हींचा मेळ एकाच कागदावर घातला आहे.

लिनक्सवरील नवागतास हा मेळ सहजी साधत नाही. ग्नू सी लायब्ररीवर संपूर्ण पडदा वर्ष-महिना-दिवस क्रमाने हवा असेल, तर ‘इंग्रजी (डेन्मार्क)’ हे लोकेल निवडण्याचा उपाय रूढ आहे. भारताचे राष्ट्रीय मानक पाळण्यासाठी वर्ध्याच्या प्राध्यापकाने डेन्मार्कमधील इंग्रजी भाषक व्हावे, यातील विसंगती पुरेशी बोलकी आहे. मांडणीची निवड प्रघातानुसार न ठेवता देशनामानुसार ठेवल्याचा हा परिणाम होय.

निष्कर्ष

१. काळाची साठवण व त्याचे दर्शन वेगळे ठेवणारी लिनक्सची मूळ रचना योग्य आहे. दोष निवडीच्या पटलांत आहे, जेथे प्रदेश निवडता येतो, पण आपला प्रघात सांगता येत नाही.

२. कालक्षेत्र, लोकेल आणि आज्ञावलीची स्वतःची भाषा हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. तिन्ही तपासल्याशिवाय दिनांक-मांडणी झाली असे मानू नये.

३. महाविद्यालयीन नोंदींत साठवणीसाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरावा. कॅल्क तो कोणत्याही लोकेलमध्ये बिनचूक स्वीकारते आणि फाइलींच्या नावांत वापरल्यास त्या आपोआप कालानुक्रमे लागतात. वाचकासाठी महिना अक्षरी लिहावा; ‘११ फेब्रुवारी १९४२’ यात संदिग्धतेस वाव नाही.

४. मराठी लोकेलमधील अंक, प्रहरवाचक शब्द व सौर दिनदर्शिका हे केवळ तंत्रज्ञांचे प्रश्न नाहीत. ही सामग्री खुली असून तीत दुरुस्ती सुचविण्याचा मार्ग सर्वांस मोकळा आहे. भाषा, इतिहास व संगणक या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून करावयाचे हे काम आहे.

१९३७ च्या वर्धा परिषदेने हातातील कामातून ज्ञान हे तत्त्व पुढे ठेवले. दिनांकाची मांडणी बदलणे हे तसेच एक छोटे काम आहे. ते समजून केल्यास नवागतास प्रणालीची घडण कळते आणि यादीतील १ जुलै हा १ जुलैच राहतो.