६१७४ : जादू नव्हे, गणित

विज्ञान प्रदर्शनात ६१७४ चा तक्ता हमखास असतो. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. उदाहरणार्थ ४०६१ : ६४१० − ०१४६ = ६२६४; ६६४२ − २४६६ = ४१७६; ७६४१ − १४६७ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. मुले टाळ्या वाजवतात, पाहुणे पुढच्या टेबलाकडे वळतात. आम्हीही वर्गात अनेकदा एवढ्यावरच थांबलो आहोत. आमची तक्रार याच थांबण्याविषयी आहे.

'जादू' म्हटले की 'का?' हा प्रश्न संपतो. वास्तविक त्याचे उत्तर आठवीच्या बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ उत्तरे शक्य आहेत. (९९९ आल्यास ०९९९ लिहावे.) ती मुलांत वाटून द्या. एका तासात संपूर्ण सिद्धता वर्गाच्या हाती येईल.

हा शोध १९४९ मधला, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. मात्र आपण त्यांची ओळख एका संख्येपुरतीच ठेवली. त्यांच्या स्वयंभू संख्या किती शिक्षकांनी वर्गात नेल्या?

त्यांचा नियम आणखी सोपा आहे : संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १०० पासून १०१, १०३, १०७, ११५ अशी मालिका निघते. ९१ पासूनही १०१ च येते. आम्ही मांजरसुंब्याचे, आम्हाला हे लगेच कळते. बीडहून आणि पाटोद्याहून आलेले प्रवासी आमच्या फाट्यावर भेटतात आणि केजकडे एकाच रस्त्याने जातात. १०१ हा तसाच फाटा. कापरेकर अशा संख्येला जंक्शन संख्याच म्हणत. उलट २० पर्यंत कोणत्याही संख्येवरून रस्ता येत नाही. ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या अशा संख्या. पुढच्या मुलांनीच शोधाव्यात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे गुण संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत. असल्या अंकगमतींत गंभीर गणित नाही, असे मत हार्डींनी १९४० मध्ये मांडले होते. ते आम्ही नाकारत नाही. पण त्यातूनच वर्गासाठी पुढचा प्रश्न मिळतो : तीन अंकी संख्यांत ४९५ येते, दोन अंकी संख्यांत मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. असे का?

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. होता तो हा 'का?'. प्रदर्शनातल्या तक्त्यावर यंदा तेवढे एक अक्षर आणि प्रश्नचिन्ह वाढवावे.