घर, छंद आणि कारखाना : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटातील घरगुती श्रमाचे चित्रण

प्रस्तावना

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ हा गौरव इतक्या वेळा येतो की, हा माणूस आयुष्याची चाळीस वर्षे प्रामुख्याने एक हरहुन्नरी खटपट्या होता, ही गोष्ट झाकली जाते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला. छायाचित्रण, मुद्रण, नेपथ्य, जादूचे प्रयोग अशा अनेक गोष्टींत त्याने हात घातला. त्यांतील काहींतून उदरनिर्वाह झाला, काहींतून नुकसान. परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट या खटपट्या माणसाला केंद्रस्थानी आणतो. बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळके-चरित्राच्या वाचनातून या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. त्याच्या विनोदी हाताळणीची स्तुती पुष्कळ झाली आहे. घरातील रोजची कामे, छंद आणि उत्पादन यांचे जे मिश्रण फाळक्यांच्या घरात घडले, त्याचे या चित्रपटाने काय केले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अंगाने चित्रपटाचा विचार केला आहे.

कुंडीतील वाटाणा

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील, या विचाराने त्यांना पछाडले, हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत (१९१७–१८) सांगितले आहे. त्यानंतर ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडणारे यंत्र खरेदी केले आणि एप्रिलमध्ये परतले. यंत्र आले, परंतु पैसा उरला नाही. अशा वेळी त्यांनी जे केले ते चित्रपटाच्या इतिहासातील एक विलक्षण घरगुती कृत्य आहे. कुंडीत बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्च करीत अंकुर वर येईपर्यंत त्याचे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटाने यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्या परिचितांची खात्री पटली आणि कर्जाची वाट मोकळी झाली.

मोकाशींच्या चित्रपटातील उत्तम भाग याच वळणाचा आहे. नंदू माधव यांनी साकारलेला फाळके हा ध्येयवेडा तपस्वी नाही. तो नवे खेळणे हाती लागलेल्या मुलासारखा आहे आणि घरातील मुलेही त्याच्या उद्योगात समवयस्कांप्रमाणे सामील आहेत. घरातील सामान विकले जाते तेव्हा प्रेक्षकाला दारिद्र्याचा करुण प्रसंग अपेक्षित असतो. दिग्दर्शक तो देत नाही. शेजाऱ्यांना या गृहस्थाच्या डोक्यावर परिणाम झाल्याची शंका येते, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने पाहिले तर ती शंका अगदीच अवाजवी म्हणता येत नाही. कुंडीसमोर तासन् तास बसणारा प्रौढ पुरुष गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय वस्तीत कोणत्या खान्यात बसणार? छंदाला प्रतिष्ठा मिळते ती त्यातून पैसा उभा राहिल्यावर. तोवर तो ‘रिकामा उद्योग’ असतो. मराठी मध्यमवर्गाची ही वृत्ती चित्रपटाने उपदेश न करता नेमकी पकडली आहे, हे त्याचे मोठे यश मानावे लागेल.

शीर्षकातील ‘फॅक्टरी’ या शब्दामागची कथाही अशीच आहे. चित्रपटात काम करणे हलके समजले जाई. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना, कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत’ असे सांगण्याचा सल्ला दिला होता. घरालाच कारखान्याचे नाव देऊन केलेली ही लपवाछपवी होती. वस्तुतः त्या शब्दात एक सत्यही दडले होते, आणि चित्रपटाची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

अंधारातील काम

दादरच्या ‘मथुरा भवन’मध्ये काय चालत असे, याचे तपशील चरित्रपर लेखनातून उपलब्ध आहेत. परदेशातून येणारी कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे. तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे आणि ते सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले होते. रासायनिक द्रावणे तयार करणे, चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश परावर्तित करणे, पोशाख धुणे ही कामेही त्यांच्याकडे होती. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! आणि घरची लहान मुले होतीच. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण होण्यास सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागले. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे चार रिळांच्या त्या चित्रपटामागे जवळजवळ सात महिन्यांचे चुलीवरचे काम उभे आहे. तारामतीची भूमिका करण्यास मात्र त्यांनी नकार दिला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीही चित्रपटात येण्याचे नाकारल्यावर ती भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके यांच्याकडे गेली, हे सर्वश्रुत आहे.

विभावरी देशपांडे यांची सरस्वती हसतमुख, चौकस आणि नवऱ्याच्या वेडाला बरोबरीने साथ देणारी आहे. सोशिक पतिव्रतेच्या ठरीव साच्यातून तिची सुटका झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु या सुटकेची किंमतही चित्रपट मोजतो. येथे काम होते, श्रम होत नाहीत. प्रसंग झपाट्याने बदलतात, संगीत प्रसन्न राहते, आणि एक काम दुसऱ्यात इतक्या सहजपणे मिसळते की, त्याला लागलेला वेळ प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही. घरकामाचे मुख्य लक्षण म्हणजे त्याची पुनरावृत्ती. साठ माणसांचे जेवण एकदा होऊन संपत नाही. ते उद्या पुन्हा करावे लागते. वेगवान विनोदी शैलीला पुनरावृत्ती परवडत नाही, कारण तिने गती मंदावते. हा केवळ दिग्दर्शकाचा दोष नसून त्याने निवडलेल्या प्रकाराची मर्यादा आहे, असे म्हणता येईल. तरीही ज्या चित्रपटाने वाटाण्याच्या वाढीसाठी थांबण्याची गंमत ओळखली, त्याला छिद्रे पाडणाऱ्या हातांपाशी थोडे अधिक थांबता आले नसते काय?

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. फाळके यांच्यासाठी या खटपटी छंदातून उद्भवलेल्या होत्या. त्या अयशस्वी झाल्या असत्या तर आणखी एक फसलेला प्रयोग एवढीच त्यांची नोंद झाली असती. सरस्वतीबाईंच्या वाट्याला तेच काम कर्तव्य म्हणून आले. त्यांना त्यात आनंद नव्हता, असे मुळीच नाही. नवे यंत्र हाताळण्याचा आनंद त्यांनाही मिळाला असणार, आणि चित्रपटातील सरस्वतीच्या चेहऱ्यावर तो दिसतो तेव्हा तो खरा वाटतो. पण छंद सोडून देण्याची मुभा एकाला होती, चूल विझवण्याची मुभा दुसरीला नव्हती. हा फरक चित्रपट पुसट करतो. मित्रांच्या बाबतीतही थोडेसे असेच घडते. फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग या बालमित्राला कॅमेरा चालविण्यास शिकविले आणि त्याच्याकडून ‘राजा हरिश्चंद्र’चे छायाचित्रण करून घेतले. ज्या काळात हे तंत्र शिकविणारी शाळा देशात नव्हती, त्या काळात एका मित्राने दुसऱ्याला घरच्या घरी दिलेले हे शिक्षण होते. त्या देवाणघेवाणीवर एक स्वतंत्र चित्रपट होऊ शकेल.

वगळलेले नाशिक

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला संसार व कारखाना नाशिकला हलविला. मोकाशींच्या कथानकाचा भर या यशापर्यंतच्या खटाटोपावर आहे, त्यामुळे नाशिकचे पर्व त्याच्या कक्षेबाहेर राहते. कथेला सुखान्त हवा असेल तर हा निर्णय योग्यच आहे. घरगुती उद्योगाचे काय होते, हा प्रश्न असेल तर मात्र उत्तर नाशिकमध्येच सापडते.

नाशिकमध्ये घर आणि कारखाना यांतील सीमा काही काळ आणखी पुसली गेली. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. मुलगा भालचंद्र आधी रोहिदास झाला होता. कन्या मंदाकिनी ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत कृष्ण झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई निर्माण झाली, तेव्हा याच माणसाने आगकाड्या एकेक इंच सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. स्वयंपाकघरातील आगपेटी थेट पडद्यावर आली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटात तर फाळक्यांनी आपली कार्यशाळाच प्रेक्षकांपुढे उघडी केली. जादूगार असूनही हातचलाखीचे रहस्य सांगण्याची ही उदारता विशेष आहे. आज ‘राजा हरिश्चंद्र’चे म्हणून जे अंश पाहावयास मिळतात, तेही १९१७ च्या नाशिक येथील पुनर्निर्मितीचे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे मुंबईच्या पहिल्या चित्रपटाची आपली दृश्य-स्मृती कदाचित गोदाकाठची असेल.

१९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ स्थापन झाली. आता खर्चाला हिशेब आला, कामाला नियम आले. जो माणूस फिल्मचे तुकडे वाटाण्याच्या अंकुरावर खर्च करीत होता, त्याचे या चौकटीत जमणे कठीण होते. मतभेद विकोपाला गेले, १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते काशीला गेले. पुढे ते परतले, चित्रपटही काढले. पण घरातील सर्वांनी मिळून उभारलेला तो उद्योग पुन्हा पूर्वीसारखा जमला नाही. भागीदारांच्या वहीत नटांचे पगार, फिल्मची किंमत, प्रवासखर्च यांना रकाने असणे स्वाभाविक होते. सरस्वतीबाईंच्या कामाला घरातही कधी रकाना नव्हता.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच फाळक्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज त्यांचे स्मारक आहे. मोकाशींच्या चित्रपटाने त्या पुतळ्यातल्या माणसाला पुन्हा चालते-बोलते केले, हसविले, कुंडीपुढे बसविले. त्याच्या मागे अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारी स्त्री मात्र अजूनही दुय्यम भूमिकेत आहे.